तीन मोजेपर्यंत

ड्वेनने दिवे घालवले ते मला न विचारता.
एक निळा ठेवला, एक जांभळा,
म्हणजे सगळ्यांचे चेहरे मुका मार लागल्यासारखे.
मी शटर साठावर आणलं,
लेन्स होती तेवढी उघडली
आणि मनातल्या मनात त्याला एक शिवी दिली,
लग्नात चालेल एवढीच.

हा कर्लिंगचा हॉल. बर्फ नोव्हेंबरात घालतील.
आत्ता खाली नुसतं सिमेंट, त्यावर प्लायवूड,
भिंतीवर मार्चमधला शेवटचा स्कोअर तसाच: सात-चार.
कोण जिंकलं होतं, कुणाला आठवत नाही.
सस्कॅचवानच्या या टोकाला एवढी जागा दुसरी नाही.
मतदान इथेच, मयतानंतरचं जेवणही इथेच.

लारिसाकडची माणसं नाचणारी.
तिच्या मावश्यांचे बूट केव्हाच टेबलाखाली गेलेत.
आर्नोकडची न नाचणारी. थीसन मंडळी.
चर्चमध्ये चार सुरांत गातात,
अंगावर काटा येईल असं गातात,
पण पाय उचलायचा तो शेताकडे जायला.
त्याचे आजोबा, कॉर्नेलियस,
जेवले, आभार मानले, हॅट घेतली,
आणि बाहेर पिकअपमध्ये जाऊन बसले.
रुसून नाही. थंडी वाजली की कोट घालावा, तसे.

गाणं लागलं.
आर्नोने तिचा हात धरला
कोठाराची शिडी धरतो तसा: घट्ट, खाली न बघता.
लोक म्हणाले, बघ, कानात काहीतरी सांगतोय.
एका मावशीने नॅपकिन डोळ्यांना लावला.
मी लांबच्या लेन्समधून अगदी जवळ होते.
मला ओठ दिसत होते.
एक दोन तीन. एक दोन तीन.
तो मोजत होता.

वीस वर्षं मी हेच करते.
हॉकीच्या टीमा, दात पडलेली शाळेतली पोरं,
विम्यासाठी गारांनी झोपवलेला गहू,
आणि शनिवारी लग्नं.
पहिल्या नाचाचं माझं ठरलेलं आहे:
एक लांबून, एक पायांचा,
एक तिच्या आईचा रडताना.
मग मी केक खायला मोकळी.

पण तो हात.
तिच्या पाठीवर त्याची बोटं ताल धरत होती,
पहिला ठोका जोरात, पुढचे दोन हलके,
आणि ती त्या बोटांवर चालत होती डोळे मिटून.
तो चुकला की तीही मुद्दाम चुकायची,
म्हणजे चूक कुणाचीच नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.
गार वारा आला, पायाशी कागदी फुलं सरकली,
आणि माझा फोकस वेड्यासारखा
दोघांना सोडून पलीकडे दारात जाऊन थांबला.

कॉर्नेलियस.
हातमोजे विसरले म्हणून आलो, असं नंतर म्हणाले.
कोट अंगात, हॅट छातीशी दोन्ही हातांनी धरलेली,
आणि हॅटच्या काठावर एक बोट.
एकदा जोरात.
दोनदा हलकं.

मी दाबलं. एकदाच.
पुढच्या वेळी बघितलं तर दार बंद होतं.

अल्बम गेला. त्यात हा फोटो घातला नाही.
चर्चमधल्या बायका पान न् पान बघतात.

डिसेंबरात ते दुकानात आले.
पॅराग्वेत बहीण आहे, पासपोर्ट काढायचाय म्हणाले.
हसायचं नाही, मी म्हटलं. सरकारचा नियम आहे.
त्यांना काही जड गेलं नाही.
पाकिटात चौकोनी फोटोंच्या मागे
मी तो एक पालथा ठेवला.

त्यांनी उलटा केला. चष्मा पुसला. पुन्हा बघितला.
पुढे नातू आणि सून, दोन धूसर दिवे.
मागे ते स्वतः, एकेक सुरकुती मोजावी इतके स्पष्ट,
फक्त एक बोट नाही.

"हा फोटो हललाय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "हललाय."

त्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला,
पासपोर्टचे बाहेरच्या.
किती झाले, विचारलं.
मी पासपोर्टचेच घेतले.